मी खुली न केलेली विहीर

गेल्या महिन्यात माझे दोन जुने विद्यार्थी घरी आले. आता तेही पन्नाशी ओलांडलेले. माझ्या पंचाहत्तरीला गौरवग्रंथ काढायचा म्हणाले आणि बरोबर आणलेली लेखांची यादी त्यांनी पुढ्यात ठेवली. तिसऱ्या लेखाचं नाव होतं ‘विहीर खुली करणारे गुरुजी’, आणि शेवटच्या लेखाचं ‘विनयमूर्ती’. मी म्हणालो, विहिरीचं तेवढं राहू द्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, “बघ, म्हणलो नव्हतो? गुरुजी स्वतःचं काही सांगूच देत नाहीत.” चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. विहिरीचा विषय निघाला की मी तोंड फिरवतो, आणि लोक त्याला विनय म्हणतात. पहिल्यांदा तसं कुणी म्हणालं तेव्हा मला घाम फुटला होता. पुढे सवय झाली. त्याहून पुढे, लिहायला लाज वाटते, ते बरंही वाटू लागलं. त्या दोघांना मी सांगितलं की त्या लेखाच्या जागी मीच एक प्रकरण लिहून देतो. ते हे.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी लातूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांचा डबा घरून एसटीनं यायचा. कंडक्टरच्या सीटमागे डब्यांची रांग असायची, आणि आपापला डबा झाकणावरच्या नावावरून ओळखायचा. आमच्या घरचा डबा आधी दोन वेळचा एक झाला, मग एक दिवसाआड आला, मग आलाच नाही. तेव्हा वळकटी बांधून मी गावी परतलो. गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. ओढ्यात तेव्हा नुसते गोटे उरले होते. घरात आम्ही तिघंच, माय, अण्णा आणि मी. वीस एकर रान होतं, पण त्या वर्षी त्यात काही उगवलंच नाही. अण्णा ओसरीवर बसून दिवसभर सुपारी कातरत. सुपारी संपली तरी अडकित्ता हातात असे, आणि मधूनच तो नुसताच उघड-मीट केल्याचा आवाज येई. लांब माळावर दुष्काळी कामावर बाया-माणसं खडी फोडत. त्या हातोड्यांचा आवाज सकाळी एकेक सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत सगळा माळ वाजत राहायचा.

रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिला चिकटपणा नसे, भाकरी तव्यावर टाकता टाकता फाटे. माय पीठ उकळत्या पाण्यात मळायची आणि थापताना एका हातानं भाकरी फिरवत दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडेच्या चिरा बुजवायची. सोबत येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. पाणी कमी म्हणून ती आमटी त्या वर्षी इतकी घट्ट असायची की पिठल्यासारखी बोटानं चाटावी लागे. मला ती फार आवडायची. घरात पाणी नाही म्हणून आमटी चवदार झाली आहे, एवढं समजायची अक्कल तेव्हा नव्हती.

गावाची विहीर पाटलाच्या चावडीजवळ होती. दगडी बांधणीची, खोल, आठ रहाटांची. होळीच्या आधीच तिचा तळ दिसला. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याला लागून बौद्धांची वस्ती होती. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, तरी गावाच्या तोंडी वस्तीचं जुनंच नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. पूर्वी त्या वस्तीतल्या बायका आमच्या विहिरीपासून लांब घागरी मांडून बसत आणि कुणा गाववाल्या बाईला दया आली की ती वरून पाणी ओतत असे. धर्म बदलल्यावर त्यांनी तसं बसणं सोडलं आणि ओढ्याच्या कडेला आपली स्वतःची विहीर खणली. दगडी बांधणी नाही, रहाट नाही, वर चार लाकडं टाकलेली. त्या उन्हाळ्यात पंचक्रोशीत पाणी होतं ते त्या विहिरीला.

आधी एक-दोघी तोंडाला पदर लावून गेल्या. मग सगळा गाव जाऊ लागला. पण गावानं त्यासाठी एक सोय काढली. चावडीत बसून म्हाताऱ्यांनी ठरवलं की ओढ्याकाठच्या विहिरीत येतं ते पाणी ओढ्याचंच, आणि वाहत्या पाण्याला विटाळ नसतो. ओढा कोरडा ठाक होता, तरी हे सगळ्यांना पटलं. प्रत्येक घरानं नवा दोर आणि नवा पोहरा घेतला, म्हणजे त्यांच्या पोहऱ्याला हात नको लागायला. घरी आणलेल्या हंड्यात तुळशीचं पान टाकायचं. आणि बायकांनी कुठं निघालात विचारलं तर ‘ओढ्यावर’ म्हणायचं, विहिरीचं नाव काढायचं नाही. माझी मायही तसंच म्हणायची. दोन हंडे घेऊन मी तिच्याबरोबर जायचो.

त्या विहिरीवर धुरपदाबाई असे. तिशीच्या आतबाहेरची, उंच, आवाज मोठा. कुणी तिला नेमलं नव्हतं, पण रांग तीच लावायची. वस्तीतल्या बायकांचं आधी, मग गावाचं, असं तिनं कधी केलं नाही. आली तिचा नंबर. पाटलाची सून एकदा मध्ये घुसली तेव्हा धुरपदाबाईनं तिचा पोहरा हसत हसत बाजूला ठेवला. “वैनी, ओढा काय पळून जाऊलालाय का? थांबा की जरा.” सगळ्या बायका हसल्या, पाटलाची सूनही हसली. गावातली शेंबडी पोरंसुद्धा धुरपदाबाईला एकेरी हाक मारत. मीही मारायचो. ती मात्र मला ‘वसंता’ म्हणायची, पुढे राव नाही, मालक नाही. अण्णांना ते खटकायचं. आपला नंबर येईपर्यंत माय विहिरीच्या कडेला बसून धुरपदाबाईशी माहेरचं, लेकरांचं बोलत राहायची. चार महिने आम्ही ते पाणी प्यालो. जनावरं विकली, पण माणूस गावातून हललं नाही, ते त्या पाण्यामुळं.

पुढच्या साली पाऊस झाला, गावची विहीर भरली, आणि एका दिवसात त्या वाटेवरची वर्दळ थांबली. दोर, पोहरे माळ्यावर गेले. मी कॉलेजात परतलो.

त्या वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता ‘दुष्काळाने मला काय शिकवले’. माझा आवाज चांगला होता आणि पाठांतर त्याहून चांगलं. भाषण लिहिताना मी खरं तेच लिहिलं होतं, की आमची विहीर आटली आणि ज्यांना आम्ही विहिरीला शिवू दिलं नाही, त्यांनी आम्हाला पाणी दिलं. खोलीवरच्या मित्राला वाचून दाखवलं. तो चांगला मुलगा होता, वाईट हेतूनं बोलला नाही. म्हणाला, “अरे, हे स्टेजवर बोलणार तू? त्यांच्या विहिरीचं पाणी पिलो म्हणून सगळ्यांसमोर सांगणार? उद्या मेसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसंल?” त्या रात्री मी एक वाक्य उलटं केलं. आमची विहीर आटली नाही, त्यांची आटली. गाव विरोधात होता, पण मी, कॉलेजात शिकणारा एकटा पोरगा, एका बाईचा हात धरून तिला आमच्या विहिरीवर घेऊन गेलो आणि म्हणालो, ताई, पाणी काढा. बाकीचं भाषण जसंच्या तसं राहिलं. हात धरल्याचं सांगताना मी हात पुढं केला. सभागृहात मुली रडल्या. पहिला नंबर आला. भाषण कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलं, तिथून कुणी ते वर्तमानपत्रात दिलं, आणि छापून आलं म्हणजे ते घडलंच.

सुट्टीत गावी आलो तेव्हा मायपुढे मी ते अख्खं भाषण म्हणून दाखवलं. ती भाकरी करत होती. मी ‘ताई, पाणी काढा’ या वाक्याशी आलो तसे तिचे हात थांबले.

“असं कवा झालतं रं?”

“माय, भाषणात असंच बोलावं लागतं.”

“हाव?” ती म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “मग धुरपदाला बी एकदा सांगून ये, तुज्या हातून असं असं झालं म्हणून. तिला ठावं नसंल.”

मी गेलो नाही. माय पुन्हा त्याबद्दल काही बोलली नाही, आणि ते भाषण पुन्हा तिनं ऐकलंही नाही.

त्यानंतर दहाएक वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. मी तेव्हा जळकोटला हायस्कुलात शिक्षक होतो. नवा जिल्हा म्हटल्यावर सगळीकडे पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या, साहेब नवे. ज्यानं त्यानं आपल्या भागात दाखवण्यासारखं काय आहे ते शोधायला सुरुवात केली होती. अशाच एका तरुण साहेबाच्या हातात माझ्या भाषणाचं जुनं कात्रण पडलं. माणूस मनापासूनचा होता. त्यानं ठरवलं की चावडीजवळच्या विहिरीवर दगड बसवायचा, त्यावर माझं नाव कोरायचं आणि कार्यक्रम गावातच करायचा. निरोप घेऊन सरपंच बापूकाका स्वतः जळकोटला आले. दुष्काळात त्यांच्या घरचे दोन पोहरे त्या ओढ्याकाठच्या विहिरीवर असत.

मी त्यांना म्हणालो, “काका, हे खरं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. विहीर अजून खुली नाही.”

ते म्हणाले, “खरं-खोटं कोण इचारायलंय, गुरुजी? सायबाला फोटू पायजे, आपल्याला डांबरी सडक पायजे. एक दिवसाचा कार्यक्रम हाय. तुमी हार घाला अन् गप बसा.”

मी आणखी दोनदा नाही म्हणालो. ‘नाही’ म्हणताना मला आतून ठाऊक होतं की हे मी मोजून म्हणतो आहे, आणि तिसऱ्यांदा त्यांनी आग्रह केला की हो म्हणणार आहे. सडकेचं निमित्त मला पुरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी चावडीपुढे मांडव होता. विहिरीच्या कठड्यात दगड बसवला होता, त्यावर शेंदरी रंगात माझं पूर्ण नाव आणि खाली ‘दुष्काळात ही विहीर सर्वांसाठी खुली केली’. धुरपदाबाईला बोलावून आणलं होतं. कशासाठी ते तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. साहेबाला विहीर दाखवायची आहे, घागर घेऊन ये, एवढंच. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, घागर चिंचेनं घासून लखलखीत केली होती. दगडावरचं तिला वाचता येत नव्हतं. तिच्या धाकट्या मुलानं, प्रकाशनं, ते तिला हळूच वाचून दाखवलेलं मी स्टेजवरून पाहिलं. तिनं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. हिशेब न लागलेल्या माणसासारखं.

साहेब उठले, हात जोडून म्हणाले, “ताई, आजचं पहिलं पाणी तुम्ही काढा.” फोटोवाला पुढं झाला. रहाटाशी उभी असलेली माणसं बाजूला झाली, पण कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या विहिरीत तिनं किंवा तिच्या माणसांनी आजवर कधी पोहरा सोडला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, साहेब सोडून. धुरपदाबाईनं मान वर करून मलाच विचारलं,

“वसंता, काढू का?”

माईक माझ्या हातात होता. एवढ्याच एका क्षणापाशी मी आयुष्यभर पुन्हा पुन्हा येऊन उभा राहतो. काढू नका म्हणालो असतो तर सगळं बाहेर आलं असतं. काढा म्हणालो तर पुढं काय होईल ते मी गावचा म्हणून ओळखून होतो. तिला ते माझ्याहून जास्त कळत होतं, म्हणून तर ती विचारत होती. मी माईकमध्ये म्हणालो, “काढा की. विहीर तुमचीच आहे.” टाळ्या पडल्या. तिनं दोर धरला. पोहरा खाली पाण्याला लागल्याचा आवाज मांडवात शेवटच्या माणसापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाच्या इंजिनाच्या आवाजानं मला जाग आली. विहिरीवर दोन इंजिनं बसली होती आणि जाड नळ्यांतून पाणी बाहेर पडत होतं. अण्णांना विचारलं तर ते सुपारी कातरत म्हणाले, “गाळ काढायलेत.” गल्लीत ज्याला विचारावं तो तेच म्हणत होता. दहा वर्षांपूर्वी ‘ओढा’ म्हणत होते, आता ‘गाळ’. पाणी गल्लीतून वाहत, उकिरड्याला वळसा घालून खालच्या अंगाला, वस्तीवरून ओढ्यात जात होतं. दुष्काळात घरोघर एक-एक हंडा मोजून भरलेली माणसं ते पाणी जाताना पाहत उभी होती. आणि मी ज्यांच्यात वाढलो त्यांतल्या एकालाही, मलाही, ते बंद करा असं म्हणता आलं नाही.

जळकोटच्या बसला वस्तीवरूनच जावं लागे. धुरपदाबाई दारात उभी होती. तिच्या पायरीशी गढूळ पाणी लागून वाहत होतं. वस्तीत कुणीही त्यात घागर बुडवली नव्हती. पोरंसुद्धा खेळायला उतरली नव्हती.

“हे काय लावलंय रं?” तिनं विचारलं.

“गाळ काढायलेत,” मी म्हणालो. हातात माझी बॅग होती, तिच्यात शाल आणि श्रीफळ.

“काल नव्हता का गाळ?”

मी बसकडे चालू लागलो.

सडक झाली. दगड अजून आहे. विहीर पुढं नळ आल्यावर बुजत गेली, म्हणजे ती सर्वांसाठी कधी खुली झालीच नाही. मी मुख्याध्यापक झालो, पुरस्कार मिळाले, त्या प्रत्येकाच्या मानपत्रात ते वाक्य आहे. मी शिकवायला वाईट नव्हतो. पण ज्या गोष्टीमुळे लोकांनी मला इतर शिक्षकांहून वेगळं काढलं, ती मी केलेली नाही. एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहिलो असतो. पण तिनं मला विचारलं होतं.

हे प्रकरण इथवर लिहून झाल्यावर मी नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा करत एसटीनं अर्धा दिवस जातो. प्रकाश आरोग्य खात्यातून निवृत्त झाला आहे, नांदेडला त्याचं घर आहे, आणि धुरपदाबाई त्याच्याकडे असते. ऐंशीच्या पुढं गेली. दिसत जवळजवळ नाही, आवाज तसाच. सुनेनं चहा आणला. कागद काढून मी सगळं वाचून दाखवलं. प्रकाश सबंध वेळ खिडकीशी उभा होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला आईकडून माफी पाहिजे आहे का?” मला नाही म्हणता आलं नाही.

“तू गप रे,” ती त्याला म्हणाली. मग मला, “अजून काय लिवूलालास पुढं?”

मी सांगितलं, की दगडावरचं माझं नाव काढून तिथं तुमचं कोरावं असं ग्रामपंचायतीला पत्र लिहिणार आहे. दुष्काळात गाव जगवलं ते तुम्ही.

ती एकदम चिडली. इतक्या वेळात पहिल्यांदा. “मी? मी एकटीनं खंदली का ती हीर? पुन्यांदा एकाचंच नाव? तुला एकाच माणसाचं लिवता येतंय काय रं?”

मी हातातले कागद खाली ठेवले.

“पेन हाय का? लिव.”

तिनं नावं सांगायला सुरुवात केली. दोन उन्हाळे खणत होते ते सगळे. प्रत्येक नावाला ती थांबायची, कोणी काय केलं ते सांगायची आणि मी लिहिलं की नाही ते विचारायची. चहा गार झाला. शेवटी एका नावापाशी ती अडली. खाली काळा दगड लागला होता, शिरूरहून एक मुसलमान सुरुंगवाला आला होता, वस्तीत जेवला, दोन दिवस राहिला, दगड फोडून गेला. त्याचं नाव काही केल्या तिला आठवेना. मी पेनचं टोपण लावायला लागलो तर तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. “थांब जरा. त्याचं ऱ्हायलं तर काय उपेग?” माझी बस चुकली, तरी नाव आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशच्या फोनवरून ती बोलली. नमस्कार-चमत्कार काही नाही. “खाजामियाँ,” ती म्हणाली. “लिवलास?”

“लिहिलं.”

“आता सगळे वाच.”

मी वाचू लागलो. तिचं नाव मी सगळ्यांत वर घातलं होतं. तिथंच तिनं मला थांबवलं.

“माजं खाली घे. मी तवा नवी नवरी व्हते. नुसती माती वढली.”

मी ते खाली घेतलं. ग्रामपंचायतीला आज पाठवलेल्या पत्रात यादी तिनं सांगितल्याच क्रमानं आहे: मुक्ताबाई, त्यांचा मुलगा किसन, दगडू आणि त्याची बायको गयाबाई, सटवाजी, थोरला भीमा, धाकटा भीमा, बहिरा निवृत्ती, शिरूरचे खाजामियाँ सुरुंगवाले, आणि माती ओढायला धुरपदाबाई.